देवाला 'तुम्ही' म्हणणारा सेथ

सेथ इबट्सनच्या तोंडावर मी त्याला जन्मभर 'तुम्ही' म्हणत आले. तो माझ्याहून तीस वर्षांनी मोठा, शेजारी, आणि हाताने चांगलाच जड. इथे तो ऐकायला नाही म्हणून खुशाल 'तो' म्हणते. ऐकत असलाच तर वर बसून म्हणेल, "म्युरिअल गार्साइड, तुला शेफारून ठेवलंय तुझ्या आईनं." म्हणू दे.

यॉर्कशायरमधल्या आमच्या हॅगथॉर्पमध्ये पोराला पाय फुटायच्या आधी एक गोष्ट कळते, की कुणाला काय म्हणायचं. बरोबरीच्याला तू, बायकोला तू, खाणीतल्या तट्टाला तू, कुत्र्याला तू आणि देवाला तू. आईबापाला तुम्ही, डॉक्टरला तुम्ही, खाणीच्या मॅनेजरला तर टोपी काढून तुम्ही. ज्याच्यावर जीव आहे त्याला तू, ज्याचं थोबाड फोडायचंय त्यालाही तू. उरलेल्या सगळ्या जगाला तुम्ही. दक्षिणेकडच्या लोकांनी हा तू तीनशे वर्षांपूर्वीच टाकून दिला. तिकडे राणीलाही तुम्ही आणि मांजरालाही तुम्ही. त्यांच्याकडे तो फक्त प्रार्थनेत आणि कवितेत उरला, तिथे 'दाऊ' असा ऐटीत लिहितात आणि घसा साफ करून वाचतात. आमच्याकडे तो खाणीत आणि गुत्त्यात राबून राबून झिजला आणि नुसता 'दा' झाला. पण रोज कामावर जातो बिचारा.

सेथ खाणकामगार आणि आमच्या एबनेझर चॅपेलातला गावठी प्रवचनकार. गुरुवारच्या प्रार्थनासभेत तो उभा राहिला की ऑर्गन वाजवणारी मी पेडलवरून पाय काढून नीट सावरून बसायची, कारण मजा सुरू व्हायची.

"हे बघ बाबा," तो छताकडे तोंड करून म्हणायचा, "तुझ्या या पावसाचं काय ठरलंय? माझे कांदे सडले. मागच्या गुरुवारी सांगितलं होतं तुला, तर तू आणखी जोरात ओतलास. आणि परवा बँडच्या स्पर्धेत आम्हाला पाचवा नंबर? कान आहेत का तुला? बरं, ते असू दे. मिसेस क्लेगच्या गुडघ्याकडे बघ जरा. त्या स्वतः सांगणार नाहीत, पण रात्रभर कण्हतात, भिंतीपलीकडून ऐकू येतं मला. आमेन."

मिसेस क्लेग लाजून लाल व्हायच्या. मागच्या बाकावरच्या बायका पेपरमिंटच्या गोळ्या चघळत "आमेन" म्हणायच्या. देव हा आमच्यातलाच एक, पाळी संपवून आलेला, असंच सेथचं बोलणं असायचं. मला तर लहानपणी वाटायचं की देवाच्याही नखांत कोळसा असणार.

आता खाणीतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोळशाच्या तोंडाशी माणसं जोडीनं काम करतात. छताला टिकावाच्या दांड्यानं ठोकायचं. आवाज खणखणीत आला तर ठीक, भद्द आला तर बाजूला व्हायचं आणि जोडीदाराला ओरडून सांगायचं. न सांगणाऱ्याला माफी नाही. वॉल्ट सॉर्सबी नावाच्या माणसानं एकदा नाही सांगितलं, नि त्याच्या जोडीदाराचा पाय गेला. कुणी वॉल्टला मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं 'तुम्ही' म्हणायला लागले. "मिस्टर सॉर्सबी, आपण जरा सरकता का?" "मिस्टर सॉर्सबी, आपली बिअर." सख्खा भाऊसुद्धा. सहा वर्षं त्यानं काढली आणि मग सामान बांधून नॉटिंगहॅमकडे गेला. तिकडे पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याला "ए गाढवा, तुझा कंदील हलव" म्हणालं, तर तो रडला म्हणे.

सेथ आणि त्याची बायको हेटी यांना एकच मुलगा, हेडली. एकोणिसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा कोळशाच्या तोंडाशी घेतलं. सेथची पाळी दुपारची, पोराची सकाळची. त्या सकाळी सेथ मागच्या दाराशी उभा राहून देवाला म्हणाला, "आजपासून तो छताखाली आहे आणि मी नाही तिथं. तू बघ. भद्द आवाज आला तर ओरड त्याला." हेटीनं हे आतून ऐकलं. अकरा वाजता छत खाली आलं.

हेडलीच्या अंत्यविधीत सेथ दगडासारखा उभा होता. पुढच्या गुरुवारी तो नेहमीप्रमाणे प्रार्थनेला उठला. आम्ही सगळे खाली मान घालून बसलो. आता हा देवाला फाडून खाणार, असं वाटत होतं. खरं सांगायचं तर आम्हाला ते हवंच होतं.

"महाशय," सेथ म्हणाला. "आम्ही सर्व येथे जमलो आहोत. आपण आजवर जे काही केलंत त्याबद्दल आभारी आहोत. आपला कारभार आपणच जाणता. आमेन."

मागच्या बाकावर चघळणं थांबलं. एकीनंही "आमेन" म्हटलं नाही. सेथनं देवाला वॉल्ट सॉर्सबीची शिक्षा दिली होती.

ती चौदा वर्षं चालली. चॅपेल त्यानं सोडलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "ते बाक माझ्या बापानं बनवलेत. देव येतो म्हणून मी का येऊ नये?" दर गुरुवारी उठायचा, कोळसा मंडळाला अर्ज करावा तशी चार वाक्यं बोलायचा नि बसायचा. पाऊस, कांदे, बँड, कुणाचे गुडघे, सगळं बंद. अनोळखी साहेबाला गुडघ्यांचं कुणी सांगतं का?

एकदा चॅपेलच्या स्वयंपाकघरात हेटी आणि मी सँडविचं कापत होतो. ती पावाच्या कडा काढता काढता म्हणाली, "म्युरिअल, देवाचं काय व्हायचं ते होऊ दे. त्याला सवय असेल. पण सेथनं त्याला तू म्हणायचं सोडलं ना, त्याच दिवसापासून आमच्या घरात हेडलीचं नाव नाही. मी काढलं की हा उठून कबुतरांकडे जातो. चौदा वर्षं मी एकटीच ते नाव घेतेय, तेसुद्धा सिंककडे तोंड करून. दोन्ही एकदमच गेलं. एक परत आलं तर दुसरं येईल. मला मरायच्या आधी एकदा त्याच्या तोंडून ऐकायचंय, बस."

मी कांदा कापत होते, त्यामुळे बरं झालं.

आणि मग बाहत्तर साली आमच्याकडे नवे पाद्री आले. रेव्हरंड टिमथी पेलिंग, दक्षिणेकडचे, तिशीतले, पायात सँडल आणि काखेत गिटार. माणूस मनानं इतका चांगला की राग येऊ नये. पहिल्याच रविवारी त्यांनी नव्या प्रार्थनांचे कागद वाटले आणि गोड आवाजात सुरुवात केली, "हे पित्या, तुम्ही आम्हाला निर्माण केलंत, तुम्ही आमच्यावर प्रेम करता..."

माझी आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "देवाला तुम्ही म्हणतोय हा. काय बिनसलं असेल गं याचं? एवढ्या तरुणपणी?"

"कुणीतरी गेलं असेल," मागून मिसेस क्लेग म्हणाल्या. "चेहरा बघा ना. जेवतही नसेल नीट."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाचं ठरलं, की नव्या पाद्र्यांचं आणि देवाचं काहीतरी भयंकर वाजलंय, तरी बिचारे नोकरी सोडत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारात रुबार्बच्या आंबट देठांच्या भाजलेल्या पाई, मटणाच्या पाई, केक, विणलेले मोजे यांची रीघ लागली. बायका ताट हातात द्यायच्या, हात दाबायच्या आणि म्हणायच्या, "होईल सगळं ठीक, साहेब. वेळ लागतो." पेलिंगसाहेबांना वाटलं, नवी प्रार्थना लोकांना इतकी आवडली! तीन महिन्यांत त्यांचं वजन चांगलं वाढलं.

सेथला तर सोबतीच मिळाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो रविवारी चॅपेलबाहेर रेंगाळून कुणाशी बोलायला लागला. आणि पेलिंगसाहेबांनी जेव्हा गुरुवारी सेथची प्रार्थना ऐकली, तेव्हा त्यांचे डोळेच भरून आले. खाणीतला म्हातारा माणूस, आणि देवाला चक्क नव्या भाषेत हाक मारतोय!

हेटीनं त्यांना चहाला बोलावलं. मीही होते. आधी यॉर्कशायर पुडिंग (ते गोड नसतं) आणि रस्सा, मग मटण, मग चहा. सेथ बराच वेळ चमच्याशी खेळला आणि मग हळूच म्हणाला, "साहेब, राग मानू नका. तुमचं कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"त्याला तुम्ही म्हणायला लागलात ते."

"अच्छा! पाद्र्यांच्या कॉलेजात होतो तेव्हापासून. आठ वर्षं झाली."

"आठ." सेथनं मान हलवली. "माझी चौदा."

"चौदा वर्षं!" पेलिंगसाहेबांनी कपच खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही आम्हा सगळ्यांच्या पुढे आहात! सुरुवात करणं अवघड गेलं का?"

"पहिल्या दिवशी जीभ जड झाली. मग सवय होते."

"घरच्यांनी साथ दिली?"

सेथनं हेटीकडे पाहिलं. हेटीनं चहादाणीकडे पाहिलं. "ती काही बोलली नाही," तो म्हणाला.

"मला तर वाटतं, यामागे त्याचीच इच्छा असते," साहेब म्हणाले.

"त्याचंच सगळं काम," सेथ म्हणाला. "मी नव्हतो गेलो त्याच्या वाटेला."

दोघांनी एकमेकांकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला हसू आवरेना. मी नॅपकिनमध्ये तोंड खुपसून खोकले. जाताना दारात साहेब म्हणाले, "इबट्सन, जूनमध्ये आपल्या चॅपेलच्या रविवारच्या शाळेचा वर्धापनदिन आहे. मुख्य प्रार्थना तुम्हीच करायची."

"करीन," सेथ म्हणाला. "तुम्ही म्हणताय तर."

ते गेल्यावर मी हेटीला स्वयंपाकघरात गाठलं. "सेथना सांगूया. पेलिंगसाहेब देवाशी भांडलेले नाहीत हो. त्यांच्याकडे तुम्ही म्हणजे जवळीक."

"जवळीक?" हेटीनं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "तुम्ही म्हणून? मग ते बायकोला काय म्हणतात, अर्ज करतात?"

"त्यांच्याकडे एकच शब्द आहे. सगळ्यांना तोच."

हेटीनं एक बशी पुसून ठेवली. मग म्हणाली, "नको सांगू. आज किती बोलला तो, ऐकलंस ना? चौदा वर्षांत कुणाशी एवढा बोलला नाही. राहू दे त्याला सोबत."

मी गप्प बसले. बसायला नको होतं, पण हेटीपुढे माझं काही चालत नाही.

जूनचा तो रविवार उजाडला. ज्यांनी आमच्या शाळेचा वर्धापनदिन पाहिलाय त्यांना गर्दीचं सांगायला नको. चढत्या फळ्यांवर पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली, केसांना तेल चोपडलेले मुलगे, वरच्या सज्जापर्यंत माणसं, एरवी चॅपेलकडे पाठ फिरवणारे खाणवालेसुद्धा कोट घालून. मागच्या खोलीत हॅम कापून झाकून ठेवलेला. हेटी दुसऱ्या रांगेत निळ्या टोपीत. दोन गाणी झाली आणि पेलिंगसाहेब उभे राहिले.

"आता आपले बंधू सेथ प्रार्थना करतील," ते म्हणाले, आणि तिथेच थांबले असते तर किती बरं झालं असतं. "पण त्याआधी मला त्यांच्याबद्दल सांगू द्या. जुनी माणसं देवाला 'तू' म्हणतात. राजवाड्यातल्या, दूरच्या, जरीच्या कपड्यांतल्या देवाला. पण 'तुम्ही' म्हणजे शेजारी, मित्र, आपला माणूस. सेथ इबट्सन गेली चौदा वर्षं देवाला 'तुम्ही' म्हणतायत. या गावात देवाचा त्यांच्याइतका जवळचा मित्र दुसरा कुणी नाही!"

मी ऑर्गनच्या आरशातून पाहिलं. सेथ उठत होता तो अर्ध्यातच थांबला, गुडघे वाकवून. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. एक तर त्याचा सोबती गेला. आठ वर्षं रागावलेला माणूस मुळात रागावलेलाच नव्हता. आणि वर सगळ्या गावासमोर, पोरांसमोर, त्याचा समेट झाल्याचं जाहीर झालं होतं.

"मित्र?" तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "कोणाचा मित्र?"

"इबट्सन, प्रार्थना..." साहेब हसत म्हणाले.

सेथ ताठ उभा राहिला आणि छताकडे बघायला लागला. खाणीत बघतात तसा, भेग शोधत.

"महाशय," त्यानं सुरुवात केली. "आपण यांना असं सांगितलंत का, की आपली मैत्री आहे? आपण... आपल्याला हे शोभतं का? आपण..."

तो अडकला. मला लख्ख दिसत होतं काय होतंय ते. माणसाला आतून पेटल्यावर 'आपण' म्हणता येत नाही. जीभच वळत नाही तशी.

"तू," सेथ म्हणाला.

मागच्या बाकावर मिसेस क्लेगनी समोरच्या बाकाची कड धरली.

"तू ऐकलं होतंस. मागच्या दाराशी मी तुला सांगितलं होतं. मी नाही तिथं, तू बघ, असं म्हटलं होतं. ओरडायचं होतं रे एकदा! 'हेडली, बाजूला हो.' एवढंच. सगळं जग नुसतं बोलून केलंस ना तू? उजेड हो म्हणालास नि झाला. मग त्या दिवशी तोंडाला काय झालं होतं तुझ्या? वॉल्ट सॉर्सबी बरा रे तुझ्यापेक्षा, तो निदान घाबरला होता. तुला कशाची भीती? माझा हेडली. एकोणीस वर्षांचा होता माझा हेडली. चहात चार चमचे साखर घालायचा नि कॉर्नेट असला घाणेरडा वाजवायचा की कबुतरं उडून जायची. आणि मी तुला चौदा वर्षं साहेब म्हणतोय, नि तुला काही वाटलं नाही? एकदा तरी विचारायचंस, की सेथ, काय झालं. निर्लज्ज आहेस तू. हेडली तुझ्याकडे आहे. आहे ना? मग त्याच्याकडे तरी बघ नीट. आता छत नाही तिथं, एवढं तर जमेल तुला?"

त्याचा श्वास संपला.

"आमेन म्हणणार नाही मी," तो म्हणाला. "माझं संपलेलं नाही अजून."

"बस खाली, सेथ," दुसऱ्या रांगेतून हेटी म्हणाली. तिची निळी टोपी वाकडी झाली होती आणि गाल ओले होते, पण आवाज स्वच्छ होता. "पोरं उभी आहेत केव्हाची. बाकीचं उद्या सांग त्याला."

सेथ बसला. आणि मागच्या बाकावरून, चौदा वर्षांनी, सगळ्या बायकांनी एकदम "आमेन" म्हटलं, त्याच्यासाठीचं राखून ठेवलेलं. सज्जातल्या खाणवाल्यांनीही म्हटलं. मी कुठलं गाणं वाजवायचं ते विसरले आणि नाताळचं सुरू केलं. पोरांनी जूनमध्ये बेथलेहेमचं गाणं इमानेइतबारे म्हटलं, कुणी हरकत घेतली नाही.

हॅमच्या वेळी पेलिंगसाहेब माझ्याजवळ आले. पडलेला चेहरा, हातात न खाल्लेलं सँडविच.

"मिस गार्साइड, ते एकदम जुन्या भाषेत का गेले? चौदा वर्षांची प्रगती! माझं काही चुकलं का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. वॉल्ट सॉर्सबीपासून केकपर्यंत. ते ऐकता ऐकता खाली बसले. मग म्हणाले, "म्हणजे ते मोजे..."

"सांत्वनाचे."

"आणि सगळ्या पाई?"

"त्याही."

त्यांनी डोकं हातात धरलं, आणि मग, देव त्यांचं भलं करो, हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले नि सेथकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सेथनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "बस रे, खा तू आधी" असं म्हणालेला मात्र ऐकू आला. सेथनं पाद्र्याला तू म्हटल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पेलिंगसाहेबांनी नवे कागद बदलले नाहीत. ते आपले तुम्ही म्हणत राहिले, आम्ही तू. देवाला बहुधा दोन्ही कळत असावं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, धुण्याचा दिवस. मी पाट्या घेऊन मागच्या अंगणात गेले, तर हेटी दोरीपाशी चादर अर्धी टाकून उभी होती. मागच्या दाराशी सेथ सदऱ्याच्या बाह्या वर सारून, छताऐवजी आता आभाळाकडे बोट करून, तावातावानं बोलत होता. कांद्यांवरून सुरुवात झाली होती, बँडपर्यंत आला होता.

"काय हो हेटी," मी म्हटलं, "सकाळी सकाळी काय हे..."

तिनं ओल्या हातानं मला गप्प केलं.

"थांब," ती म्हणाली. "आता हेडलीचं नाव येईल."